मोकळ्या होऊन या

बाई खोकली, शिंकली, खळखळून हसली किंवा तिनं भरलेली बादली उचलली, की तिला थोडी लघवी होते. एवढं एक वाक्य सरळ कागदावर लिहायला मला नोकरीची बावीस वर्षं लागली.

मी नागपुरातल्या एका सरकारी हॉस्पिटलात सिस्टर आहे. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. यातली बहुतेक वर्षं बायकांच्या ओपीडीत गेली. संपादकांनी नर्सच्या आठवणी मागितल्या, तेव्हा मनात आलं की टांग्यात झालेलं बाळंतपण लिहावं, नाहीतर जुळ्यांची अदलाबदल होता होता राहिली ते लिहावं. त्या गोष्टी सगळ्यांना आवडतात आणि त्यांत नर्स नेहमी चांगलीच असते. दोन पानं लिहिलीही. मग फाडली.

या दुखण्याची बाई कधी सरळ बोलत नाही. सदर बाजारातल्या एका दुकानदाराची बायको तीन वेळा आली आणि तिन्ही वेळा तिनं "माझ्या बहिणीला त्रास आहे" असं सांगितलं. चौथ्या वेळी मी म्हटलं, "बहिणीला घेऊन या," तर ती रडायला लागली. एक शाळामास्तरीण होती. तिच्या डब्याच्या पिशवीत डब्याखाली रोज एक घडी केलेला परकर असायचा. एका हवालदाराच्या बायकोनं हसणंच सोडलं होतं. घरचे म्हणत, बाई फार गंभीर झाली, हिला काहीतरी लागलंय.

लागलेलं काही नसतं. लघवीची पिशवी असते, तिचं तोंड खाली, आणि त्या तोंडाला खालून स्नायूंचा आधार. चार बाळंतपणं झाली, त्यातलं एखादं अडलेलं, आणि पाचव्या दिवशी बाई पुन्हा नळावर, की तो आधार ढिला पडतो. मग पोटावर जोर आला की तोंड खाली सरकतं आणि थेंब निसटतात. यानं कोणी मरत नाही. म्हणूनच कोणी विचारत नाही.

आता माझा नियम सांगते. तपासणीच्या टेबलावर चढण्याआधी प्रत्येकीनं लघवीला जाऊन यायचं. नियम चुकीचा नव्हता. पिशवी भरलेली असली तर गर्भाशय हाताला नीट लागत नाही. शिवाय चादरी मोजक्या, आणि धुवायला टाकलेली चादर आठवड्यानं परत यायची. "मोकळ्या होऊन या" हे मी दिवसातून इतक्यांदा म्हणायचे की शिकाऊ पोरी माझ्या पाठीमागे नक्कल करायच्या. मला ते ठाऊक होतं. थोडा अभिमानही होता.

साठीचं दशक सरत आलं होतं तेव्हा कामठीहून एक बाई आली. भागरताबाई म्हणू या. खरं नाव वेगळं आहे. चाळिशीच्या अलीकडची, उंच, भरदार आवाजाची. नवरा पॉवरलूमवर, ही घरी बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. दीक्षेनंतर त्यांच्या वस्तीत विहार झाला, तिथे रविवारी वंदना व्हायची आणि बायकांत पहिली ओळ हिची. ही म्हणणार, मागून सगळ्या. पण मोठ्यानं म्हणायचं तर श्वास पोटातून यावा लागतो, आणि पोटावर जोर आला की घात. विहारात पांढरं पातळ नेसून बसायचं. पांढऱ्यावर ओल दडत नाही. सहा महिने झाले, तिनं जाणं बंद केलं होतं. बायकांना सांगितलं होतं, घसा बसला.

हे तिनं मला पडद्याआड सांगितलं. मोठ्या डॉक्टर सरांसमोर फक्त म्हणाली, "खोकलं का पाणी जाते."

मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "मोकळ्या होऊन या."

ती हलली नाही. "सिस्टर, जाऊन आली तं दिसन कसं?"

"काय दिसायचंय?"

"भरल्या घागरीलेच हिंदकळा येते ना. रिकामी घागर काय सांडन?"

एक शिकाऊ पोरगी फिसकन हसली. मागे रांग होती. मला ते लागलं.

"आता तुम्ही आम्हाला शिकवणार? जा लवकर."

ती गेली. बसमध्ये फजिती नको म्हणून सकाळपासून तिनं घोटभर पाणी घेतलं नव्हतं. जे थोडं होतं तेही गेलं. सरांनी तिला टेबलावर निजवून सांगितलं, "खोका." ती खोकली. "अजून जोरात." तिनं छाती फुटेल असा खोकला काढला. काही नाही. सरांनी हात धुतले आणि कागदावर एक ओळ लिहिली: दोष आढळत नाही.

पडद्याआड परकराची गाठ मारताना तिनं मला विचारलं, "मंग मले होते ते काय आहे?"

यावर मी जे बोलले ते आजवर घरातही सांगितलेलं नाही. मी म्हणाले, "बाई, या वयात नवऱ्याचं लक्ष कमी झालं की बायकांना काहीबाही वाटायला लागतं. मन रमवा कशात तरी."

ती म्हणाली, "मन रमायचं ठिकाण तेच होतं." आणि गेली.

इथवर चूक म्हणता येईल. पण दुपारी ओपीडी संपल्यावर हत्यारं उकळायला ठेवून मी उभी होते आणि घागरीचं बोलणं डोक्यात पुन्हा आलं, तेव्हा मला लख्ख समजलं की ती बाई बरोबर होती. रिकाम्या पिशवीतून काय येणार? सर शेजारच्या खोलीत चहा घेत होते. पंधरा पावलं. मी गेले नाही. सरांनी विचारलं असतं, "हिला रिकामी करून कोणी पाठवली?" माझ्या हातून चूक होत नाही, असं तिथे सगळे धरून चालायचे, मीही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा रांगेला तेच सांगितलं. तशीच सात वर्षं सांगत राहिले. त्यात या दुखण्याच्या किती जणी "दोष आढळत नाही" घेऊन परत गेल्या, मला माहीत नाही.

मग सर निवृत्त झाले आणि नवीन मॅडम आल्या. बुटक्या, भरभर बोलणाऱ्या, चष्मा सारखा घसरणाऱ्या. पहिल्याच आठवड्यात खोकल्याची तक्रार घेऊन एक बाई आली. मी तोंड उघडलं, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "सिस्टर, हिला जाऊ देऊ नका. उलट दोन पेले पाणी द्या आणि अर्धा तास बसवा."

अर्ध्या तासानं त्यांनी बाईला पाय फाकवून उभं केलं, खाली एनॅमलचा ट्रे ठेवला आणि म्हणाल्या, "खोका." ट्रेमध्ये टपटप आवाज झाला. ती बाई लाजेनं मेल्यासारखी झाली. मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "शाब्बास. हेच बघायचं होतं मला."

मी ट्रे धुवायला उचलला. आतले पाच-सात थेंब मी किती वेळ बघत होते, कोण जाणे.

तरी भागरताबाईकडे जायला मला अख्खा पावसाळा आणि हिवाळा लागला. जुन्या रजिस्टरात वस्तीचं नाव सापडलं. सुटीच्या दिवशी सक्करदऱ्याच्या घरून निघाले आणि बस बदलून कामठीला उतरले. मागांच्या खटखटाटात मी दोन गल्ल्या चुकले. घर सापडलं तेव्हा ती नळावरून येत होती, कमरेवर घागर, आणि घागर एका अंगानं झिरपत होती. पातळ डाव्या बाजूला ओलं.

नवरा दारात होता. मला बघून खुर्ची देत म्हणाला, "पाहा न बाई, चार आण्याचं काम आहे भोकाले डाग द्यायचं. दहा वेळा म्हटलं आणून दे. देत नाही. घागरीवर जीव आहे हिचा."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी घागरीकडे पाहिलं. ती गळकी घागर तिनं का जपली होती, हे त्या माणसाला सात वर्षांत कळलं नव्हतं. मला एका क्षणात कळलं.

तो कामाला गेल्यावर मी बोलले. आणि खोटं बोलले. "नवीन मॅडम आल्यात. आता नवीन तपासणी निघाली आहे. तुमची आठवण झाली."

"नवीन निघाली?"

"हो."

तिचे डोळे भरून आले. "इतक्या बायांतून माही आठवण ठेवली तुम्ही."

मी चहा घेतला आणि परत आले.

मॅडमनी तिला नीट तपासलं. आधी खूप प्रश्न विचारले. घाई होते का, दारापर्यंत जाईतो सुटते का? तसं असेल तर पिशवी स्वतःच आवळत असते आणि तिथे ऑपरेशनचा उपयोग नाही. सतत, रात्रंदिवस गळतं का? मग कुठेतरी भोक पडलेलं असतं, त्याची शिवण वेगळी. भागरताबाईचं दोन्ही नव्हतं. फक्त जोर आला की जायचं. पहिले तीन महिने मॅडमनी व्यायाम दिला: लघवी मध्येच धरतो तसे खालचे स्नायू आवळायचे, दहापर्यंत मोजायचं, सोडायचे. कांड्या भरता भरता ती ते करायची. चालताना फरक पडला, जिना चढताना पडला. पण मोठ्यानं गाथा म्हणून पाहिली की पुन्हा तेच.

मग ऑपरेशनचं बोलणं निघालं. मॅडमनी केसपेपरच्या पाठीमागे चित्र काढलं. एक रस्ता खालून. बाहेरून काप दिसत नाही, पिशवीच्या तोंडाखालचा ढिला भाग टाके घालून आवळायचा. आठवड्यात घर. पण बऱ्याच जणींचं दोन-चार वर्षांनी पुन्हा ढिलं पडतं. दुसरा रस्ता वरून. ओटीपोटावर आडवा काप, तोंडाच्या दोन्ही बाजूंचा भाग वर उचलून पुढच्या हाडामागच्या चिवट पट्ट्यांना टाक्यांनी टांगायचा. तो टिकतो, पण पोट फाडावं लागतं, नळी ठेवावी लागते, आणि एखादीला नंतर लघवी होतच नाही, महिनोन् महिने नळी. तिसरा रस्ता दोन्ही फसलेल्यांसाठी: पोटाच्या पडद्याचीच एक पट्टी कापून तिची झोळी करून तोंडाखालून घ्यायची.

भागरताबाई चित्राकडे बघत राहिली. "म्हंजे मागावरचा ताणा ढिला झाला. खालून गाठ मारली तं काही दिवस चालते. वरून तुळईले बांधला तं पक्का."

मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सिस्टर, परीक्षेत हे कोणी इतकं नीट सांगत नाही."

"अन् वरून बांधला अन् जास्तच आवळला तं?" तिनं विचारलं.

"तर पाणी अडेल. ते होऊ शकतं. मी खोटं सांगणार नाही."

"बांधा वरून," ती म्हणाली. "मले दोन वर्षांसाठी नाही म्हणायची गाथा."

सहीसाठी नवऱ्याला बोलावलं. तो टोपी हातात धरून मला बाजूला घेऊन म्हणाला, "मुतायसाठी पोट फाडता? लोकं हसतीन न बाई." भागरताबाई पडद्याआडून म्हणाली, "लोकायले सांगायले तूच जाशीन काय? कर सही." त्यानं केली. मग हळूच म्हणाला, "मले कधी सांगतलं नाही तिनं." त्याच्या आवाजात राग नव्हता.

ऑपरेशन चांगलं झालं. सहाव्या दिवशी मी नळी काढली. सकाळ गेली, दुपार गेली, लघवी होईना. नळ सोडून ठेवला, कोमट पाणी ओतलं, गरम पिशवी दिली. तिचं पोट तटतटलं आणि ओठ पांढरे पडले. "आवळलं गेलं काय जास्त?" तिनं विचारलं. मी "नाही" म्हटलं, पण मला माहीत नव्हतं. नळी पुन्हा घातली. दोन दिवसांनी काढली, पुन्हा तेच. त्या दिवसांत माझी ड्यूटी ओपीडीत असूनही मी सकाळ-संध्याकाळ वॉर्डात जायचे. मी हिला शोधून आणलं, आणि आता जन्माची नळी लागली तर? पण खरी भीती ती नव्हती. हिचं वाईट झालं तर मला सगळं सांगावं लागेल, ही भीती होती. तेही लिहूनच टाकते.

तिसऱ्यांदा नळी काढली. मी तिला बेडपॅनवर बसवलं, पडदे ओढले आणि तिची वेणी घालायला घेतली, कारण हातांना काहीतरी हवं होतं. वेणी अर्धी झाली असेल, तिनं माझं मनगट धरलं. आवाज दोघींनीही ऐकला. ती हसायला लागली, टाके दुखतात म्हणून पोट धरून हसली, आणि मग मध्येच थांबून म्हणाली, "हसून राहिली मी, सिस्टर. काही नाही झालं."

त्या दिवशी ती इतकी खोकली की शेजारच्या खाटेवरच्या बाईनं, हिला टीबी आहे, मला हलवा, अशी तक्रार केली.

तीन महिने जड उचलायचं नव्हतं. ते संपल्यावर पुढच्या बुद्धपौर्णिमेला तिनं मला बोलावलं. पांढऱ्याशुभ्र पातळात ती पुढे बसली होती. पहिली ओळ तिनं उचलली. एवढा आवाज त्या बाईत होता. नंतर हात धरून सगळ्यांना सांगत सुटली, "ह्याच त्या सिस्टर. मले घर शोधत आल्या. त्याहिनं आठवण ठेवली म्हणून मी इथं हाव." बायका माझ्या पाया पडल्या. मी पडू दिलं.

त्यानंतर दरवर्षी तिच्याकडून जवसाच्या चटणीचा डबा यायचा. घरच्यांना फार आवडायची. मी घ्यायचे नाही. मुलीनं एकदा विचारलं, तर पित्त होतं म्हणून सांगितलं.

या अंकासाठी लिहायला बसले आणि पानं फाडली ती त्यामुळे. आधी तिला सांगायला हवं होतं. श्रावणात कामठीला गेले. ती चाकावर कांड्या भरत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं: तपासणी नवीन नव्हती. घागरीचं तुम्ही बोललात ते मला त्याच दुपारी कळलं होतं. मी गप्प बसले.

चाक थांबलं. "तवाच कळलं होतं?"

"हो."

"अन् सात वर्षं?"

मी मान हलवली.

ती उठून आत गेली. बराच वेळ भांडी वाजली. बाहेर आली ती रिकाम्या हातांनी. "मले वाटे, एवढे शिकलेले लोक म्हणतात काही नाही, तं काही नसन. मले वाटे मी येडी होऊन राहिली." मग म्हणाली, "पोरीच्या लग्नात जयमंगल गाथा मी म्हणणार होती. सारे मांडवात, अन् मी मांगं भांड्यापाशी बसली. पोरगी अजून विचारते, मा, तवा तू समोर काहून नाही आली?"

मी म्हणाले, "मला माफ करा."

"मले एकलीले काहून माफी मांगता?" ती म्हणाली. "तुमच्या रांगेत मी एकलीच होती काय?"

ती पुन्हा चाकापाशी बसली.

"इतवारच्या दिवशी विहारात या. मले सांगतलं तसंच बायायले सांगा. मंग लिहा काय लिहायचं ते."

मी रविवारी गेले. न जाण्याची तीन कारणं मी तयार केली होती, तीही बरोबर घेऊनच गेले. वंदना झाली. "सिस्टरले काही सांगायचं आहे," एवढंच म्हणून ती खाली बसली. यावेळी हात धरला नाही. पन्नासेक बायका पांढऱ्या पातळांत माझ्याकडे बघत होत्या. मी सांगितलं. दुखणं काय ते सांगितलं, माझा नियम सांगितला, ती पडद्याआड काय बोलली आणि मी तिला काय बोलले तेही शब्दन् शब्द सांगितलं. आवाज फार लहान निघाला असावा, कारण मागच्या बायका पुढे सरकल्या.

मग अगदी मागून एका म्हातारीनं विचारलं, "त्या मॅडम कोणत्या वारी बसतात वं माय?"

"मंगळवारी. दहा वाजता."

एक मधल्या वयाची बाई घाईघाईनं म्हणाली, "मी माह्या जाऊसाठी इचारणार होती."

"जाऊ कायले, तूच ये न वं," तिच्या शेजारची म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. हसताना दोघी-तिघींनी चटकन मांड्या आवळल्या. इतकी वर्षं या कामात काढल्यावर ते डोळ्यांतून सुटत नाही.

मंगळवारी ओपीडीच्या बाकावर कामठीच्या पाच जणी होत्या, आणि त्यांना घेऊन आलेली भागरताबाई शेवटच्या टोकाला. पाचही जणी घरून तांब्या-तांब्या पाणी पिऊन निघालेल्या. वाटेत एकही उतरली नव्हती. म्हातारी पायावर पाय आवळून बसली होती. "लवकर घ्या न सिस्टर. मॅडमच्या आधी बाकच तपासान तुम्ही."

मॅडम यायला पाच मिनिटं होती. भागरताबाई माझ्याशी बोलली नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. समोरच्या भिंतीकडे बघत ती थोडी सरकली आणि बाकावर तिच्याशेजारी एका माणसाची जागा झाली. ड्यूटीवर सिस्टरनं पेशंटच्या बाकावर बसायचं नसतं. मी बसले.